प्रत्येक वेळी 'झटका'च नसतो

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

बरीच वर्षं तुमचा अंक घेतो, पण पत्र पहिल्यांदाच लिहितोय. तेही तक्रारीचं. खरं तर हे माझ्या मित्राने लिहायचं. तुमच्या अंकातल्या चुका पकडणं हे त्याचं खातं होतं, मी नुसता ऐकून घेणारा.

तो 27 वर्षांचा, मी 61चा. ओळख बॅडमिंटनच्या कोर्टवरची. एक दिवस दुहेरीतला माझा जोडीदार आला नाही. हा कोपऱ्यात बुटाची नाडी बांधत बसला होता, म्हटलं, येतोस का? आला, तो माझाच होऊन राहिला. त्याच्या वयाची पोरं हाका मारायची, तरी हा माझ्या बाजूला. मागचं सगळं कोर्ट तो पळून काढायचा आणि मी जाळीपाशी उभा राहून आयते गुण घ्यायचो. हरलो की म्हणायचा, "काका, आज तुम्ही फारच फोटो काढायला उभं राहिल्यासारखे होतात."

खेळ संपला की बाकावर बसून तो माझ्या पिशवीतला तुमचा अंक काढायचा. खिशात कायम लाल पेन. ऱ्हस्व-दीर्घ, चुकलेला प्रत्यय, एकाच बातमीत एकाच माणसाची दोन वयं, सगळ्यांखाली पट्टीने आखल्यासारखी सरळ रेघ. नोकरीत तो सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचा. तिथून सुटून परत हेच कशाला, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "तिथले पैसे मिळतात, ही मजा." मग अंक माझ्यापुढे धरून, "तुमचे संपादक पुन्हा घसरले." तुमचे, बरं का. वर्गणी मी भरत होतो ना.

गेल्या वर्षी तो गेला. दुसऱ्या दिवशी तुमच्या अंकात आतल्या पानावर पाच ओळींची बातमी आली: बॅडमिंटन खेळताना तरुणाचा 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने' मृत्यू. तोवर शवविच्छेदनाचा अहवाल यायचा होता. म्हणजे तो झटका होता हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हतं. आणि तो नव्हताच.

मी डॉक्टर नाही, आयुष्यभर हिशेब तपासले. पण वर्षभरात भेटेल त्या डॉक्टरला विचारून एवढं समजून घेतलं आहे. झटका, म्हणजे हार्ट अटॅक, येतो तेव्हा हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. छातीत दुखतं, घाम फुटतो, माणूस बहुतेकदा शुद्धीवर असतो, बोलतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदयाची विजेची लय बिघडते, ते नुसतं थरथरत राहतं, रक्त पुढे ढकललं जात नाही, आणि माणूस काही सेकंदांत कोसळतो. झटक्यातून अरेस्ट होऊ शकतो, पण तरुण माणूस खेळता खेळता कोसळला तर वाहिनी तुंबलेली असेलच असं नाही. जन्मजात किंवा आनुवंशिक दोषही असू शकतो. माझ्या मित्राच्या हृदयाचा पडदा जाड झालेला निघाला. वाहिन्या स्वच्छ होत्या. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी, सुमारे 500 माणसांत एकाला असते. बहुतेकांना त्रास होत नाही, अनेकांना तर असल्याचा पत्ताही नसतो.

त्याला पत्ता लागला होता. म्हणजे आम्हाला लागायला हवा होता. जाण्याआधी दीड महिना, एका लांबलेल्या रॅलीत, शटल हवेत असतानाच तो गुडघ्यावर बसला आणि आडवा झाला. अर्ध्या मिनिटात उठलाही. हसत म्हणाला, "सर्व्हर डाउन." डॉक्टरकडे जाऊन येतो, असंही तोच म्हणाला होता. मी काय म्हणालो? "अरे, जागरणं कमी कर, पाणी पीत जा. या वयात कसले डॉक्टर!" वडीलधाऱ्याच्या आवाजात म्हणालो. त्याने ऐकलं. इतर बाबतींत माझं एक ऐकत नसे, हे ऐकलं.

संपादक महाशय, माझा ईसीजी दरवर्षी निघतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत म्हणून. आदल्या वर्षी मला तपासणीला त्यानेच गाडीवर बसवून नेलं होतं. मी आत टेबलावर, छातीला तारा लावलेला, आणि हा बाहेर बाकावर माझ्या चपला आणि अंक सांभाळत. त्याचा ईसीजी एकदाही निघाला नाही. मेहनतीचं काही करत असतानाच भोवळ येणं ही धोक्याची खूण असते, आणि घरात कोणी लहान वयात अचानक गेलं असेल तर जास्तच, हे मला नंतर कळलं. त्याचा एक मामा तिशीत झोपेतच गेला होता. घरात त्यालाही 'झटका'च म्हणत.

दुसऱ्यांदा तो पडला तेव्हा आम्ही सात जण होतो. एकाने तोंडावर पाणी मारलं, एकाने तळपाय चोळले. हातपाय थोडे झटकले म्हणून कोणीतरी फिट आली म्हणालं. घशातून घोरल्यासारखा आवाज येत होता, त्यावरून मी सगळ्यांना सांगत राहिलो की श्वास चालू आहे. तो श्वास नसतो. हृदय थांबल्यावर थोडा वेळ तशी आचके दिल्यासारखी घरघर होते. छाती कोणीही दाबली नाही. मदत न मिळालेलं एकेक मिनिट जगण्याची शक्यता 7 ते 10 टक्क्यांनी खाली आणतं म्हणतात. रुग्णवाहिका यायला किती मिनिटं लागली ते मला माहीत आहे, इथे लिहीत नाही.

आणि आम्ही हे पाहिलेलं होतं हो! 12 जून 2021ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्क-फिनलंड फुटबॉल सामन्यात डेन्मार्कचा क्रिस्टियन एरिक्सन मैदानात कोसळला, तो सामना आम्ही दोघांनी माझ्या घरी टीव्हीवर पाहिला होता. सहकारी त्याच्याभोवती कडं करून उभे राहिले, आत छाती दाबणं आणि विजेचा धक्का देणं चाललं होतं. तो वाचला, छातीत यंत्र बसवून पुढच्याच वर्षी वर्ल्ड कपही खेळला. आम्ही हळहळलो आणि सोफ्यावरून उठलो. आता मी ते छाती दाबणं, म्हणजे सीपीआर, शिकलोय. मिनिटाला 100 ते 120 वेळा, छातीच्या मधोमध, 5 ते 6 सेंटिमीटर खोल. पुतळ्यावर दोन मिनिटांत माझे हात भरून आले.

तो गेल्यावर मोबाइलवर निष्कर्षांचा पाऊस पडला. लस, प्रोटीन पावडर, रात्रीची कामं, कोणाची तरी नजर. त्या गदारोळात अहवाल आला, आणि डॉक्टरांनी आईवडिलांना बसवून सांगितलं की दोघांची आणि धाकट्या मुलीची इको तपासणी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून घ्या. हा दोष असलेल्या आईकडून किंवा वडिलांकडून तो मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. आई आधी तयार नव्हती. तुमचं कात्रण तिने जपून ठेवलं होतं, ते दाखवून म्हणाली, "पेपरात झटका लिहिलंय ना, मग मुलीला कशाला?" तिला पटवायला तीन आठवडे गेले. मुलीचा पडदाही जाड निघाला. ती आता गोळ्या घेते, शर्यतीत धावणं सोडलंय, नियमित तपासणी चालू आहे. माझ्याशी महिनाभर बोलली नाही, कारण भोवळीची गोष्ट मीच तिला सांगितली. आता बोलते.

म्हणून ही तक्रार. कारण कळलेलं नसेल तर 'कोसळून मृत्यू, कारण समजलेलं नाही' असं छापा. जागा तितकीच लागते. आणि कारण कळलं की चार दिवसांनी का होईना, तेही छापा.

कात्रणाची प्रत सोबत जोडली आहे. त्यात 'क्रिडांगण' छापलंय, 'क्री' दीर्घ हवा. त्याने 'झटक्या'च्या आधी तेच पकडलं असतं. दोन्हींखाली लाल रेघ मी मारली आहे. पेन त्याचंच आहे. रेघ जरा वाकडी आली.

आपला,
एक जुना वर्गणीदार