वर्गणी भर

दांडिया बाजार, बडोदा

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालीस, "आई, त्या 'आर्मा'ची, रेकॉर्डवाल्यांच्या संघटनेची, वर्गणी भरून मिळणार काय? वाचायचं ते सगळं नेटवर फुकट आहे." घरात पाहुणे होते, म्हणून मी नुसतं हं हं केलं. पण विषय डोक्यातून जाईना. फोनवर हे सांगायला गेले की तू मधेच "बरं बरं" म्हणून जेवलीस का विचारतेस, म्हणून लिहूनच पाठवते.

वाचायला मिळतं हे खरं आहे. पण आपल्या कामात घोडं अडतं ते वाचनापाशी नाही. तुझ्या कंपनीत इंजिनियर ढिगाने असतील, हिशेब बघणारे मजलाभर असतील, वकील असतील. कागदपत्रं सांभाळणारी रेकॉर्डवाली मात्र तू एकटी, फार तर दोघी. इंजिनियरचं गणित चुकलं तर शेजारच्या टेबलावरचा सांगतो. तू एखाद्या कागदाला जपून ठेवायची सात वर्षांची मुदत लावलीस की दहा, आणि ती का लावलीस, हे त्या इमारतीत कुणालाच कळत नाही. तुझ्या साहेबाला तर नाहीच. वेळेवर सापडलेली फाइल कुणाच्या लक्षात राहत नाही आणि न सापडलेली कुणी विसरत नाही. अशा ठिकाणी वर्षानुवर्षं काढली की माणसाला एकतर वाटतं आपल्याला सगळं येतं, नाहीतर वाटतं आपल्याला काहीच येत नाही. दोन्ही खोटं, आणि ते खोटं आहे हे सांगायला ऑफिसात कुणी नाही.

माझ्या नोकरीचं सांगते. आमची रेकॉर्ड रूम तळघरात होती आणि ज्याला कुठेच बसवायचं नाही त्याला तिथे बसवायची पद्धत. मला तिथे टाकल्यावर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात एका छोट्या कोर्सला पाठवलं, तेही दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून. शिकवलं चांगलं. पण खरी कमाई झाली ती बरोबरच्या माणसांची. बँकेतले, रेल्वेतले, विद्यापीठातले, सगळे आपापल्या तळघरातून आलेले. दुपारच्या चहाला पहिल्यांदा कळलं की वाळवी, गंजलेल्या टाचण्या आणि "ताबडतोब जागा रिकामी करा" हे आमच्याच नशिबी आलेलं नाही.

पुढे ऑफिस नव्या इमारतीत हलायचं ठरलं. साहेबांनी सांगितलं, जुनं सगळं रद्दीत काढा, शनिवारी रद्दीवाला येतोय. सरकारी कागदपत्रांसाठीचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा आहे आणि आमचं ऑफिस केंद्र सरकारच्या उपक्रमाचं, म्हणजे तो आम्हाला लागू. कलम ८ म्हणतं, ठरवून दिलेल्या रीतीशिवाय सार्वजनिक अभिलेख नष्ट करायचा नाही. कलम ९ मध्ये त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मला पाठ होतं. पण पाठ असून काय करता? साहेबांपुढे कलम वाचून दाखवलं असतं तर दुसऱ्या दिवशी मी तळघरातूनही बाहेर पडले असते.

मी त्या कोर्सातल्या रेल्वेवाल्या बाईंना फोन लावला. त्या हसल्याच. म्हणाल्या, नाही म्हणू नकोस. हो म्हण, आणि काढायच्या कागदांची यादी कर. यादीच्या खाली लीगल, अकाउंट्स आणि साहेब अशा तीन सह्यांच्या जागा ठेव. कोर्टात किंवा ऑडिटात अडकलेलं जे असेल ते यादीत घेऊच नकोस, वेगळ्या कपाटात टाक. मग बघ.

तसंच केलं. लीगलवाल्याने यादी हातात घेतली आणि सही करायच्या आधी पहिल्यांदाच ती वाचली. शनिवारी रद्दीवाला निम्मा टेम्पो घेऊन गेला, आणि ते न्यायलाच हवं होतं. जुनी कोटेशनं, हजेरीपट, तीन-तीन प्रती. मागे राहिलेल्यात जमीन संपादनाचं एक पुडकं होतं. लाल फीत कुजून कागदाला चिकटलेली, आत कापडावरचा मोजणीचा नकाशा, एका कोपऱ्यात तलाठ्याची सही आणि हद्दीच्या एका खुणेवर पेन्सिलीने केलेली दुरुस्ती. काही वर्षांनी शेतकऱ्यांच्या वाढीव मोबदल्याच्या दाव्यात ऑफिसला तीच दुरुस्ती दाखवावी लागली. त्यात शेतकऱ्यांचंही भलं झालं, कारण त्या दुरुस्तीने हद्द त्यांच्या फायद्याची निघाली. साहेब खूश झाले नाहीत, पण पुन्हा रद्दीवाल्याला परस्पर फोनही गेला नाही.

तर मला म्हणायचंय ते हे. कलम पुस्तकात होतंच. ते कधी, कुणापुढे, कोणत्या सुरात काढायचं, ते पुस्तकात नव्हतं.

तुमच्या कंपन्यांत तर हे प्रकरण आणखी जड. हिशेबातल्या घोटाळ्याने बुडालेल्या अमेरिकेतल्या एन्रॉन कंपनीचं तू शिकली असशील. २००१ च्या ऑक्टोबरात तिचे हिशेब तपासणाऱ्या आर्थर अँडरसन कंपनीच्या वकीलबाईंनी मेल पाठवून आठवण करून दिली की कागद ठेवण्याचं आपलं धोरण पाळा, आणि मग तिथे कागदांचा चुरा झाला. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अँडरसनची शिक्षा रद्द केली, पण तोवर ती कंपनी राहिली कुठे? धोरण कागदावर ठीकच होतं. प्रश्न ते कधी आठवलं याचा होता. उद्या तुझ्या टेबलावर असा मेल आला तर तू कुणाला विचारणार आहेस? गूगलला?

म्हणून बाहेरची माणसं लागतात. तू म्हणतेस ती 'आर्मा' १९५५ पासूनची. २००९ मध्ये त्यांनी आठ तत्त्वं मांडली, त्यात जबाबदारी आहे, पारदर्शकता आहे, ठेवणं जसं आहे तसं योग्य वेळी काढून टाकणंही आहे. साहेबाला "मला वाटतं" म्हणण्यापेक्षा "या व्यवसायात असं मानतात" म्हणणं केव्हाही बरं. रेकॉर्ड कसं सांभाळावं याचा आयएसओ १५४८९ हा मानदंडही असाच. त्याची मुळं १९९६ च्या ऑस्ट्रेलियन मानदंडात आहेत, मग २००१ मध्ये तो जगाचा झाला आणि २०१६ मध्ये सुधारला. असलं काम आकाशातून पडत नाही. आपल्यासारखीच तळघरातली माणसं ऑफिस सुटल्यावर बसून ते लिहितात.

सीआरएमच्या, म्हणजे 'सर्टिफाइड रेकॉर्ड्स मॅनेजर'च्या, परीक्षेची घाई करू नकोस. ती घेणारी संस्था वेगळी, १९७५ ची. सहा भाग आहेत, पहिल्या पाचांत पर्याय निवडायचे, सहाव्यात प्रसंग देऊन लिहायला लावतात. तो सहावा भाग अनुभवाशिवाय जमायचा नाही. आणि पास झालं की संपलं असंही नाही, पाच वर्षांत शंभर तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. मला हे आवडलं. आमच्याकडे एकदा खुर्ची मिळाली की निवृत्तीपर्यंत कुणी विचारत नाही.

आता दुसरी बाजू. सगळ्या सभा कामाच्या नसतात. सॉफ्टवेअर विकणारे स्टॉल मांडून बसतील, फुकट पेन देतील आणि तुझा नंबर घेतील. पेन घे, नंबर देऊ नकोस. काही जण केवळ पद मिरवायला येतात, त्यांच्या भाषणाला मागच्या रांगेत बस. नोकरी मिळेल म्हणून जाऊ नकोस. मिळाली तर मिळाली, पण मागणाऱ्याचा चेहरा लोकांना लांबून कळतो. आणि पहिल्याच वर्षी कमिटीत शिरू नकोस, तुझा स्वभाव हो म्हणण्याचा आहे. आधी नुसती ऐक आणि प्रश्न विचार.

एकट्या पडणाऱ्यांनी एकमेकांना धरून राहणं हे आपल्याकडे नवं नाही बरं का. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डनसाहेबांना आणलं, पुढच्या वर्षी ग्रंथपालांचा वर्ग सुरू झाला आणि १९१२ पासून बडोद्यातून 'लायब्ररी मिसेलनी' निघू लागलं, त्यात इंग्रजीबरोबर गुजराती आणि मराठी मजकूरही असे. वर्गात शिकून गेलेला माणूस लांबच्या तालुक्याच्या वाचनालयात एकटाच पडणार. त्याला बाकीचे काय करतात ते कुठून कळणार, तर अशा नियतकालिकातूनच.

वर्गणी आधी ऑफिसकडे माग, पुष्कळ कंपन्या देतात. नाही म्हणाले तर स्वतः भर, पण सभासदत्व तुझ्या नावाने आणि तुझ्या स्वतःच्या मेलवर असू दे, ऑफिसच्या नको. नोकरी बदललीस तरी ते तुझ्याबरोबर येईल. पैशाची अडचण असेल तर सांग, बाबांना न कळता पाठवते. आणि पहिल्या सभेला जाशील तेव्हा हा एक प्रश्न नक्की विचार: ऑफिसच्या टीम्स ॲपवरच्या चॅटला ते लोक किती वर्षांची मुदत लावतात. मलाही ऐकायचंय.

तुझी,
आई