पापण्यांचं ऑपरेशन ठरवण्याआधी

प्रिय सई,

वरच्या पापण्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं म्हणतेस. तू सज्ञान आहेस, कमावती आहेस, मी नाही म्हणणारी कोण? पण ‘डोळे झोपाळलेले दिसतात’ हे काही निदान नव्हे. कातडी सैल आहे, भुवई खाली आहे की पापणी उचलणारा स्नायू कमजोर आहे, हे आधी ठरू दे. डॉक्टर समोरून टॉर्च धरतात. बाहुलीवर उमटलेला उजेडाचा ठिपका आणि वरच्या पापणीची कड यांत एरवी ४ ते ५ मिमी अंतर असतं. ते २ मिमीच भरलं, तर बहुधा स्नायूचं दुखणं. त्याला टोसिस म्हणतात. नुसती कातडी कापून ती पापणी वर येत नाही. सकाळी टक्क उघडी आणि ऐरोलीहून परतेपर्यंत उतरलेली, असं होत असेल तर आधी मायस्थेनियाची, म्हणजे स्नायू लवकर थकण्याच्या आजाराची तपासणी. थायरॉइडही बघून घे.

डोळ्यांखालच्या काळेपणासाठी मात्र हा खटाटोप नको. रंग कातडीतच असेल, तर चरबी काढून तो जायचा नाही. शिवाय चरबी जास्त निघाली, तर पुढे डोळे खोल गेलेले दिसतात.

ऑपरेशन तसं तासाभराचं, जागेपुरत्या भुलीवर. खुणा तुला बसवूनच करायला हव्यात, कारण आडवं झालं की कातडी सरकते. भुवईपासून पापणीच्या केसांपर्यंत निदान २० मिमी कातडी उरली पाहिजे. कातडी कापताना हात सैल सुटला, तर झोपेत डोळा पुरता मिटत नाही आणि बुबुळ कोरडं पडतं. तुझ्या लेन्स आणि दिवसभराचा एसी बघता मला याचीच काळजी जास्त! म्हणून शर्मर चाचणी करायला सांग. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटं ठेवतात. १० मिमीपेक्षा कमी ओली झाली, तर आधी कोरडेपणावर उपचार.

सर्जन ऑक्युलोप्लास्टी (पापण्यांच्या आणि डोळ्यांभोवतीच्या शस्त्रक्रिया) शिकलेला नेत्रतज्ज्ञ किंवा एमसीएच पदवीचा प्लास्टिक सर्जन असू दे. महाराष्ट्र मेडिकल काउन्सिलचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नकोस. निव्वळ दिसण्यासाठी असेल, तर मेडिक्लेम मिळत नाही आणि बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो.

अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, फिश ऑइल घेत असशील तर आधीच सांग. ते किती दिवस आधी थांबवायचं, हे डॉक्टर ठरवतील. टाके ५ ते ७ दिवसांनी निघतात, लेन्स साधारण दोन आठवडे बंद. सूज दोन्हीकडे सारखी उतरत नाही, तेव्हा तीन महिने तरी सेल्फी काढून तुलना करत बसू नकोस.

पहिली रात्र पीजीत काढायची नाही, ठाण्याला यायचं. डोकं उंच, बर्फाचा शेक अधूनमधून. डोळा ठणकून बाहेर आल्यासारखा, दगडासारखा घट्ट वाटला किंवा अंधुक दिसू लागलं, तर डोळ्यामागे रक्तस्राव होत असू शकतो. क्वचितच होतं, पण नजर जाऊ शकते. अशा वेळी वेदनाशामक गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, तडक इस्पितळ गाठायचं.

आणि शनिवारची तारीख घेऊ नकोस. रविवारी दवाखाने बंद, त्यात लोकलचा मेगाब्लॉक.

तुझी,
आई