सीईएसला निघण्याआधी

पुणे

प्रिय निखिल,

सप्रेम नमस्कार.

सीईएसचा, म्हणजे जानेवारीत लास व्हेगासला भरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनाचा, मीडिया बॅज (पत्रकारांचा प्रवेश पास) मंजूर झाला हे वाचून फार बरं वाटलं. पण सोबत पाठवलेली यादी पाहिली आणि पेन हातात घेतलं. मोठ्या कंपन्यांच्या पत्रकार परिषदा ओळीने लिहून ठेवल्या आहेस, त्यातल्या निम्म्याहून जास्त काट. त्या थेट प्रक्षेपित होतात आणि प्रेस नोट त्याच मिनिटाला सगळ्यांच्या इनबॉक्समध्ये पडते. या परिषदा होतात त्या मँडले बे हॉटेलच्या रांगेत तासभर ताटकळून तू जे ऐकशील, ते डोंबिवलीत बसलेला माणूस तुझ्याआधी छापून मोकळा होतो. वस्तू खरंच चालते की नुसती मांडून ठेवली आहे, एवढंच काय ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. दिवस त्यासाठी राख.

आधी भूगोल. सीईएस म्हणजे एक हॉल नव्हे. लास व्हेगास कन्व्हेन्शन सेंटरमध्ये मोठी दालनं, त्यातल्या वेस्ट हॉलमध्ये गाड्या. स्टार्टअपवाल्यांचं युरेका पार्क व्हेनेशियन एक्स्पोमध्ये. मँडले बे पार दक्षिण टोकाला. २०२५ साली ४,५०० च्या वर प्रदर्शक आणि १,४०,००० च्या वर माणसं होती, म्हणजे रस्त्यावर काय होतं ते ओळख. एका दिवशी एकच ठिकाण धर. अर्धा दिवस इथे, अर्धा तिथे असं केलंस की दुपार बसमध्ये गेली म्हणून समज. कन्व्हेन्शन सेंटरच्या आवारात एका हॉलमधून दुसऱ्यात जायला भुयारातल्या टेस्ला फुकट आहेत. व्हेनेशियनला जायचं तर शटल बस फुकट असते, पण संध्याकाळी तिच्या नादी लागू नकोस. पैसे पडले तरी मोनोरेल घे आणि हॅराज स्थानकावरून चालत जा. बॅज विमानतळावरच मिळतो, पासपोर्ट हाताशी ठेव. चाकांची बॅग दालनात नेऊ देत नाहीत, पाठीवरची सॅकच न्यायची.

आता मुद्द्याचं. स्टॉलवर गेलास की वस्तूआधी तिच्या शेजारची बारीक अक्षरातली पाटी शोध. अमेरिकेत रेडिओ लहरी वापरणाऱ्या उपकरणाला एफसीसीची, म्हणजे तिथल्या दळणवळण नियामक संस्थेची, मंजुरी लागते. ती नसेल तर प्रदर्शनात तसं लिहावं लागतं: हे उपकरण अजून मंजूर झालेलं नाही, मंजुरीआधी ते विकता येणार नाही, अशा अर्थाचं. ही पाटी बहुतेक वेळा टेबलाच्या कडेला किंवा काचेच्या मागच्या कोपऱ्यात असते आणि फोटो काढणारे तीच कापून टाकतात. तू तिचाच फोटो काढ. पाटी असेल आणि माणूस ‘पुढच्या महिन्यात विक्रीला’ म्हणत असेल, तर पुढचे प्रश्न आपोआप सुचतील.

काचेच्या पेटीतल्या वस्तूंचं तर झाकली मूठ सव्वा लाखाची. हातात द्यायला सांग. नाही म्हणाले तर ‘फक्त पाहायला मिळालं’ असं स्पष्ट लिही. हातात दिलं तर तीन गोष्टी बघ. कवचावर थ्रीडी प्रिंटच्या बारीक रेषा आहेत का, मागे मॉडेल नंबर आणि मंजुरीच्या खुणा आहेत का, आणि टेबलाखालून एखादी केबल येते का. केबल असेल तर बॅटरीच्या आयुष्याचा आकडा सध्या कागदावरचा आहे. एआयचा शिक्का असलेल्या डब्याला एअरप्लेन मोडमध्ये टाकायला सांग. ‘सगळं डिव्हाइसवरच चालतं’ म्हणणारे निम्मे तिथेच अडखळतात. रोबो असेल तर त्याच्याकडे बघण्याआधी आजूबाजूला बघ, रिमोट किंवा हेडसेट घेतलेला कोणी उभा आहे का. मग कप चार बोटं सरकवून पुन्हा उचलायला सांग. पाठ केलेली हालचाल असेल तर हात हवेतच मिटतो.

टीव्हीच्या दालनात डोळे दिपतात, आणि तशीच मांडणी असते. खोली अंधारी, डेमोत काळ्या पार्श्वभूमीवर फुलं नाहीतर मधाची धार, तीही संथ गतीत. उजळ भाग छोटा असला की पॅनल तेवढ्यापुरतं जोर लावू शकतं, आणि संथ दृश्यात हालचालीतला फराटा दिसत नाही. ४,००० निट्स (ब्राइटनेसचं एकक) म्हटलं की लगेच विचार, ‘किती टक्के विंडोवर?’ असे आकडे पडद्याच्या लहानशा तुकड्यावर मोजलेले असतात. पूर्ण पांढरा पडदा लावला की वीज आणि उष्णता आवरायला ब्राइटनेस आपोआप खाली येतो, ओएलईडीत तर काही शेकड्यांवर. म्हणून पांढरं पान लावायला सांग, जमलं तर क्रिकेट किंवा बातम्यांची पट्टी. मिनी एलईडी (पडद्यामागे छोट्या दिव्यांचे गट असलेला टीव्ही) असेल तर काळ्यावर पांढरी सबटायटल्स लाव आणि अक्षरांभोवती धुरकट वलय येतं का बघ. मग दोन पावलं बाजूला सरक. रंग फिके पडले तर आपल्या बैठकीच्या खोलीत भिंतीकडेच्या खुर्चीतून काय दिसणार ते कळलं. हे सगळं दोन मिनिटांत होतं. पण तेवढं करणारा मला तरी तिथे क्वचितच दिसतो, सगळे सेल्फीत.

‘इनोव्हेशन अवॉर्ड्स ऑनरी’, म्हणजे सीईएसच्या पुरस्काराचा मानकरी, या फलकाला भुलू नकोस. तिथे कंपन्या फी भरून स्वतःहून अर्ज करतात. तो मान खोटा नाही, पण त्याला वापरून पाहिल्याची पावती समजू नकोस.

आपल्या वाचकाला खरं एकच हवं असतं: भारतात कधी आणि कितीला? स्टॉलवरचा माणूस ‘सून’ म्हणणारच. त्याऐवजी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी आणि बिनतारी उपकरणांना लागणारी डब्ल्यूपीसीची ईटीए मंजुरी, या दोन्हींबद्दल विचार. स्मार्टवॉच, पॉवर बँक, वायरलेस हेडफोन यांना बीआयएसची सक्तीची नोंदणी लागते. तिचं नाव ऐकून समोरच्याचा चेहरा कोरा राहिला, तर भारतातली तारीख छापू नकोस.

चित्रीकरणाचं नीट लक्षात ठेव. तिथली वीज १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटरला सरावलेला कॅमेरा तिथे तसाच चालवलास तर दिव्यांखाली पट्टे सरकताना दिसतील, कारण दिवे सेकंदाला १२० वेळा लुकलुकतात. ३० फ्रेम, शटर १/६० किंवा १/१२० ठेव. कॅमेऱ्यात पाल/एनटीएससी असा पर्याय असेल तर तो इथेच बदल आणि कार्ड पुन्हा फॉरमॅट कर. एलईडी भिंतीवर जाळीदार नक्षी आली तर कोन बदल किंवा अ‍ॅपर्चर उघडून भिंत फोकसबाहेर जाऊ दे. एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक, ऑटो नको.

आवाज जास्त दगा देतो. वायरलेस कॉलर माइक बहुतेक २.४ गीगाहर्ट्झवर चालतात, आणि त्याच पट्ट्यात हॉलमधले राउटर नि ब्लूटूथ कोंबलेले असतात, त्यामुळे मधलेच शब्द गळतात. ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होणारा माइक घे. शिवाय कॉलर माइक चहूबाजूचं ऐकतो, शेजारच्या स्टॉलवरचं गाणंही. मुलाखतीला हातातला डायनॅमिक माइक, तोंडापासून चार बोटांवर. दिसायला जुनाट, पण शब्द स्वच्छ.

१०० एमबीपीएसने ४के व्हिडिओ घेतलास तर तासाला ४५ जीबी होतात. रोज रात्री दोन प्रती, एक सॅकमध्ये आणि एक खोलीत. पॉवर बँक २०,००० एमएएचची म्हणजे ७४ वॉट-अवर, विमानात चालते, पण हातातल्या सामानातच. १०० च्या वर गेलास तर विमान कंपनीची परवानगी लागेल. चार्जर १००–२४० व्होल्टचे असतात, फक्त चपट्या पिनांचा अडॅप्टर घे. चहाची किटली मात्र इथून नेऊ नकोस. १,००० वॅटची किटली तिथे जेमतेम २७० वॅट खेचते, पाणी उकळेपर्यंत झोप लागेल.

एम्बार्गोची, म्हणजे ज्याच्या आधी बातमी छापायची नाही ती, वेळ पॅसिफिकमध्ये (अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळाने) देतात. जानेवारीत आपण तिच्या साडेतेरा तास पुढे. सकाळी आठचा एम्बार्गो म्हणजे इथे रात्री साडेनऊ, संध्याकाळी सहाचा म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसात. पोस्ट शेड्यूल करताना साइटचा टाइमझोन तपास. एम्बार्गो मोडणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण, पुढच्या वर्षी बोलावणं येत नाही.

आणि परतीचं तिकीट शेवटच्या दिवशी दुपारचं काढू नकोस. दालनं त्या दिवशी लवकर बंद होतात, पण गर्दी ओसरलेली असते, मार्केटिंगवाले निघून गेलेले असतात आणि स्टॉलवर इंजिनिअर कंटाळून बसलेला असतो. युरेका पार्क त्या दिवसासाठी ठेव. कोणती चिप, बॅटरी किती, उत्पादन कुठे अडलंय, हे तोच सांगतो.

सुधारलेली यादी पाठव, रविवारी फोनवर बोलू. काकूंना नमस्कार.

तुझा,
संदीप