पुलाच्या जोडावर डांबराचे ओझे किती वाढवणार?

मा. संपादक,

मांजरीत आमच्या घराजवळच्या ओढ्यावरील पुलाला लागलेला भराव यंदाही खचला. परवा पहाटे रहदारी नसताना मी जोडावर सरळ फळी धरून पाहिली. फळीखाली माझी चार बोटे आडवी गेली. दिवसभर दुचाक्या तिथे आदळतात.

दुरुस्ती ठरलेली, डांबराचा नवा थर. मी ३१ वर्षे रस्त्यांच्या कामांवर काढली. मला हा उपाय पटत नाही. पुलाचा पाया खडकावर आहे, तो हलत नाही. भराव मात्र ओढ्याच्या मऊ गाळावर बसला आहे. दाबलेल्या मुरमाचे वजन घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास. त्या भाराने गाळातले पाणी पिळून निघत राहते आणि रस्ता खाली बसतो. नवा थर म्हणजे त्यात आणखी भर.

नॉर्वेत १९७२ मध्ये ऑस्लोजवळ फ्लोम येथे पुलालगतच्या अशाच खचत्या भरावात थर्माकोलचे ठोकळे घातले. टीव्हीच्या खोक्यात येतो तोच पदार्थ, पण मापून घेतलेल्या घनतेचा. घनमीटरला साधारण २० किलो. त्यावर काँक्रीटचा स्लॅब टाकून नेहमीचा रस्ता करता येतो. स्लॅब चाकांचा भार पसरवतो, शिवाय सांडलेले पेट्रोल खाली जाऊ देत नाही. पेट्रोलने थर्माकोल विरघळतो.

मात्र आपल्याकडे पुराचा हिशेब आधी हवा. वहीत मांडून पाहिला. दोन मीटर जाडीचे ठोकळे पूर्ण बुडाले, तर दर चौरस मीटरला जवळपास दोन टन जोर खालून वर लागतो. १५ सेंटिमीटरचा स्लॅब आणि ६० सेंटिमीटरचा रस्ता मिळून पावणेदोन टनच भरतात. म्हणजे रस्ता तरंगणार! २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने काय केले, ते पुणेकर विसरलेले नाहीत. ठोकळे पूररेषेच्या वरच बसवावेत, नाहीतर वरचे वजन तेवढे वाढवावे.

काळ्या मातीचा थर लागला, तर गोष्ट वेगळी. ती पावसाळ्यात फुगते. वरचा भार कमी केला की रस्त्यालाच उचलते. तिथे आधी ती माती काढावी लागेल.

म्हणून पुढची निविदा काढण्यापूर्वी जोडाजवळ बोअर घेऊन गाळ किती खोल आहे ते तपासावे आणि अहवाल नागरिकांना दाखवावा. मागच्या दोन्ही दुरुस्त्यांच्या वेळी मी रोज तिथे उभा होतो. बोअरचे यंत्र एकदाही आले नाही.

— एक निवृत्त रस्ते अभियंता, मांजरी, पुणे