सीलची विष्ठा तपासणं हे हसण्यावारी नेऊ नका

मा. संपादक साहेब,
नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी चौकट आली होती, की बर्फाच्या प्रदेशात शास्त्रज्ञ लोक सीलची विष्ठा गोळा करतात आणि धुऊन धुऊन बघतात. हेडिंग गमतीचं होतं आणि कशासाठी करतात ते एका ओळीतही नव्हतं. आमच्या गावात टपरीवर दिवसभर त्याच्यावरून हसणं चाललं, एक जण म्हणे "शेन चिवडाले बी पगार भेटस का भो?" त्याचा मला राग नाही, त्याला कोणी सांगितलंच नाही तर तो बिचारा काय करणार. पण मी साक्री तालुक्यात शाळेत सायन्स शिकवते, दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातली पोरं पण तसंच बोलायला लागली, म्हणून हे पत्र लिहितेय.

आधी एक दुरुस्ती, बातमीत "सील मासा" छापलंय, सील मासा नाही. तो आपल्यासारखा सस्तन प्राणी आहे, पिल्लाला दूध पाजतो, श्वासाला वर यावं लागतं.

आता मुद्दा असा की सील काय खातो हे नुसतं बघून कळतच नाही. बर्फावर तो झोपलेला दिसतो, आणि जेवतो कुठं तर खोल पाण्यात. अंटार्क्टिकातला वेडेल सील ६०० मीटरच्या खाली जातो आणि तासभर सुद्धा श्वास रोखू शकतो, तिथं कोण बघायला जाणार. पूर्वी सील मारून पोट फाडून बघायचे. आता त्याची गरज राहिली नाही, विष्ठा भिजवायची, बारीक चाळण्यांतून धुवायची आणि खाली काय उरतं ते भिंगाखाली धरायचं.

उरतं काय तर माशांच्या कानातले दगड. हो, माशाच्या डोक्यात कानाच्या जागी छोटे दगड असतात, तोल सांभाळायला, आणि प्रत्येक जातीच्या माशाचा दगड वेगळ्या आकाराचा. दगडाच्या लांबीवरून मासा केवढा होता ते काढता येतं, आणि आडवा कापला तर आत झाडाच्या खोडासारखी वर्तुळं असतात त्यावरून वय. मी स्वतः धुळ्याच्या बाजारातून बर्फात आलेल्या ढोम्याचं डोकं आणून वर्गात फोडून दाखवलंय, हरभऱ्याच्या डाळीएवढा पांढरा दगड निघाला, पोरं अर्धा तास जागची हलली नाहीत! स्क्विडची (कोकणात म्हाकूळ म्हणतात तो) चोच उरते, पोपटासारखी, ती पचत नाही. आणि क्रिल खाल्लं असेल तर त्याच्या कवचाचे तुकडे. क्रिल म्हणजे आपल्या बाजारात सुका जवळा मिळतो ना, तसंच दिसणारं पण जरा मोठं, जास्तीत जास्त ६ सेंटिमीटर.

यातही फसगत होते आणि हे शास्त्रज्ञ स्वतःच सांगतात, मला ते सगळ्यात आवडतं. लहान माशाचा दगड पोटात विरघळून जातो, म्हणजे तो मासा हिशोबातूनच गेला. चोच उलट पोटात अडकून राहते किंवा उलटीतून बाहेर पडते, मग विष्ठेत तिचा हिशोब लागत नाही. आपल्याकडे कोणाच्या घरचं जेवण उकिरड्यावरून ओळखायचं म्हटलं तर आंब्याची कोय सापडेल, पण केळीचं साल गाय खाऊन गेलेली असते, म्हणून त्या घरात केळी खाल्लीच नाहीत असं म्हणता येईल का? म्हणून मग विष्ठेतला डीएनए तपासतात, त्यात दगड नसला तरी मासा सापडतो. चरबीचा छोटा तुकडा घेऊन त्यातली फॅटी ॲसिड (चरबीचे घटक, खाण्याप्रमाणे बदलतात) बघतात. आणि मिशी! सीलची मिशी हळूहळू वाढते, जे खाल्लं त्याची खूण तिच्यात साठत जाते. नायट्रोजनचा एक जड प्रकार असतो, खाणारा अन्नसाखळीत जितका वरच्या पायरीवरचा तितका तो अंगात जास्त, म्हणून मिशीचे तुकडे करून तपासले की मागच्या कितीतरी महिन्यांचं जेवण ओळीनं वाचता येतं. कॅमेरे पण लावलेत, १९९९ साली छापून आलेल्या एका अभ्यासात वेडेल सील बर्फाच्या खालच्या फटीत नाकाने हवेचे बुडबुडे सोडून लपलेला मासा बाहेर काढताना दिसला.

एवढं कशाला करायचं, तर अंदाजावर गेलं की अन्याय होतो. अंटार्क्टिकात एका सीलचं नावच खेकडे खाणारा असं पडलंय, क्रॅबईटर, शास्त्रीय नावात पण तेच. तो खेकडे खात नाही. त्याचं खाणं जवळपास सगळं क्रिलच आहे, दात चाळणीसारखे आहेत, पाणी गाळून क्रिल आत ठेवतो. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडला १९९२ साली कॉड माशाची मासेमारी बंद करावी लागली, तेव्हा बऱ्याच लोकांनी उत्तरेकडून येणाऱ्या हार्प सीलकडे बोट दाखवलं. पोटं तपासली तर त्यांच्या खाण्यात जास्त करून कॅपेलिनसारखे छोटे मासे, आणि कॉड संपायचं मुख्य कारण माणसांनी वर्षानुवर्षं बेसुमार केलेली मासेमारी हेच होतं.

आणि आज क्रिलसाठी मोठी जहाजं अंटार्क्टिकाला जातात, मत्स्यशेतीचं खाद्य आणि ओमेगा-३ च्या गोळ्या बनवायला. सील, पेंग्विन, व्हेल सगळे त्याच क्रिलवर जगतात. किती काढायचं ते ठरवायला १९८२ पासून आंतरराष्ट्रीय करार आहे, आपला भारत पण त्यात आहे, आणि कोणत्या प्राण्याला किती क्रिल लागतं हे माहीत नसेल तर तो आकडा कशावरून ठरवायचा? आपलं मैत्री हे संशोधनाचं स्टेशन तिथं १९८९ पासून आहे, भारती २०१२ पासून, म्हणजे हा विषय आपल्यापासून फार लांबचा पण नाही.

हीच पद्धत आपल्या दारातही चालते. अहिल्यानगर (पूर्वीचं नगर) जिल्ह्यात अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याची विष्ठा तपासली, त्यातले केस ओळखून कळलं की त्याच्या खाण्यात वजनाने ३९ टक्के कुत्रीच होती आणि शेळ्या ११ टक्के, शेळ्या तिथं कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त असून सुद्धा. आमच्या भागात बिबट्या दिसला की पहिला विचार शेळ्यांचाच येतो, तो येणारच, शेळी गेली की गरिबाचं वर्षाचं गणित बिघडतं, पण मोकाट कुत्री कमी केली तर बिबट्या गावाकडे कमी येईल का हा प्रश्न त्या विष्ठेतून निघालाय.

आमच्या शाळेमागे जुन्या वाड्यात गव्हाणी घुबडाची जोडी आहे. अपशकुन म्हणून तिचं घरटं पाडायचं चाललं होतं. घुबड न पचलेली हाडं-केस गोळी करून तोंडातून टाकतं, पोरांनी त्या गोळ्या उचलून आणल्या, कोमट पाण्यात भिजवून सुईने सोडवल्या, एकेका गोळीत दोन-दोन उंदरांच्या कवट्या निघाल्या. त्या कवट्या पुठ्ठ्यावर चिकटवून पोरं वाड्याच्या मालकाकडे घेऊन गेली. घरटं अजून आहे.

संपादक साहेब, पुढच्या वेळी सीलची बातमी आली तर कृपया हेडिंग साधं द्या आणि सोबत कानातल्या दगडाचा एक फोटो छापा, जरा मोठा छापा, मला वर्गाच्या फळ्याशेजारी लावायचाय.

आपली,
एक सायन्स टीचर
ता. साक्री, जि. धुळे