बाई, त्या पोरांना बीजगणित शिकवल्याबद्दल

प्रिय बाई,

ख्रिस्तात सलाम.

उघड कौतुक तुम्हाला आवडत नाही, हे आपल्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तुमचं नाव लिहीत नाही. तरी जालन्यातल्या निवृत्त गणिताच्या बाई म्हटलं की ओळखणारे ओळखतीलच, त्याला माझा इलाज नाही.

दहावीच्या परीक्षेत आपल्याकडे काय चालतं हे मराठवाड्यात वाढलेल्या कुणाला माहीत नसतं? खिडकीतून चिठ्ठ्या येतात. भरारी पथकाची गाडी फाट्यावर दिसली की आत निरोप पोचतो. गैरप्रकार रोखायचा कायदा १९८२ पासून आहे, पण कायदा पुण्यामुंबईत आणि खिडकी इथं. पर्यवेक्षक म्हणून वर्गावर गेल्यावर मी ती खिडकी बंद केली आणि चिठ्ठ्या गोळा केल्या. पेपर सुटल्यावर एक बाप फाटकापाशी उभा होता. "म्याडम, तुमच्यापायी माझ्या पोराचं वरीस जायचं," एवढंच म्हणाला. स्टाफरूममध्ये कुणी भांडलं नाही. चहा आला की माझा कप तेवढा विसरला जायचा. कुणीतरी हसत म्हणायचं, "ख्रिश्चन लोकांचं जरा वेगळंच असतं." मला त्या हसण्याचा जास्त त्रास झाला.

हे सगळं तुमच्या ओसरीवर सांगितलं. दुसऱ्या कुणी शाबासकी दिली असती, नाहीतर प्रार्थना करू म्हणून चहा टाकला असता. तुम्ही विचारलंत, "त्या पोरांना गणित येतं का?"

येत नव्हतं. येणार कसं? दसरा-दिवाळी झाली की आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पोरं काही वर्षं फडावर गेलेली, नववी-दहावीला आजीपाशी ठेवलेली, घरची शेळी आणि धाकटी भावंडं त्यांच्याच अंगावर. शाळेतून बुडालेले ते महिने कुणी भरून दिलेच नाहीत. पस्तीस मार्कांची सोय मग गाव खिडकीतून करतं.

येशूला धरून नेल्यावर "मी त्याला ओळखत नाही" म्हणणारा त्याचा शिष्य पेत्र. त्या दिवशी तुम्ही मला त्याच्याबद्दल जे बोललात ते कुठल्या उपदेशात ऐकलं नव्हतं. त्याला कैसराच्या शिपायानं धमकावलं नव्हतं. विचारलं एका दासीनं. थंडी होती, अंगणात कोळशाचा विस्तव होता, भोवती माणसं होती आणि त्यालाही शेकायचं होतं. "तुझ्या स्टाफरूमचा चहा म्हणजे तोच विस्तव," तुम्ही म्हणालात.

पण मी तिथंच थांबेन अशी भीती तुम्हाला वाटली असावी, कारण लगेच तुम्ही अरिमथाईकर योसेफावर आलात. राजाच्या मूर्तीपुढं वाकले नाहीत म्हणून भट्टीत टाकलेल्या तिघांची गोष्ट आपण संडे स्कूलमध्ये चित्रांसकट ऐकतो. हा योसेफ मात्र शुभ शुक्रवारच्या उपासनेत शेवटाला घाईघाईत उरकला जातो. येशूला दोषी ठरवणाऱ्या न्यायसभेचा सभासद. बाकीच्यांच्या ठरावाला आणि कृत्याला त्याची संमती नव्हती, एवढंच लूक आपल्या शुभवर्तमानात लिहितो. त्याच्या नकाराला अर्धी ओळ. पुढचं सगळं त्याच्या कामाबद्दल आहे: रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन येशूचा देह मागितला, खाली काढला, तागाच्या वस्त्रात गुंडाळला, खडकात खोदलेल्या कबरेत ठेवला. तुम्ही चष्मा पुसत म्हणालात, "नाही म्हणालीस, बरं केलंस. आता काम काय करणार?"

आणि पुढच्या दिवाळीनंतर रविवारची उपासना आटोपली की एसटीनं तुम्ही स्वतःच गावात येऊ लागलात. शाळेची खोली मिळाली नाही. आमच्या शिपाईमामांनी मारुतीच्या देवळाचा सभामंडप झाडून दिला. मामा माळकरी. बहुमत न मानता मनाची ग्वाही मानणारे तुकोबा त्यांच्या रोजच्या पाठातले. स्टाफरूममध्ये माझ्या बाजूनं ते एकटेच होते आणि ते ख्रिस्ती नव्हते, हे इथं मुद्दाम लिहिते.

मग कुजबुज सुरू झाली ती आपल्याच मंडळीत. बाई देवळात बसतात म्हणे. उपासनेनंतर दारातच एकानं तुम्हाला अडवून विचारलं, तेव्हा मी मागं उभी होते. "बसते की," तुम्ही म्हणालात, "बसून समीकरणं सोडवते. तुम्हाला भूमिती येत असेल तर चला." ते आले नाहीत. तुम्ही मात्र पुढच्या रविवारी त्यांच्याच बाकावर, त्यांच्याशेजारी बसलात. गावाला नाही म्हणणं मला जमलं होतं. आपल्या माणसांना नाही म्हणून त्यांच्यातच बसायचं कसं, हे मला तुमच्याकडे पाहून कळलं. तुमचे पूर्वज बेथेलचे. १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन अख्ख्या मुंबईचा रोष ओढवून घेतलेल्या नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं हे गाव. तेव्हा हा स्वभाव कुठून आला, हे विचारायला नको.

त्या वर्षी काही पोरं पास झाली, काही जुलैच्या पुरवणी परीक्षेला बसली, एकदोघांनी शाळा सोडली. फाटकापाशी उभ्या राहिलेल्या त्या बापाची धाकटी लेक तुमच्या वर्गाला यायची. तो फडावरून परतला तेव्हा तुमच्यासाठी गूळ घेऊन आला होता. माझ्याशी अजून नीट बोलत नाही. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तुमचे आभार त्या सभामंडपातल्या रविवारांसाठी आहेत, पण त्याहून जास्त त्या प्रश्नासाठी आहेत. मी नुसती खिडकी बंद करून बसले असते, तर गावाला मी नकोशी झाले असते आणि मला गाव.

यंदाची पोरं भूमितीत कच्ची आहेत, त्यातून प्रमेय म्हटलं की पळतात. तुमचा गुडघा दुखतो म्हणून एसटीनं येऊ नका. शिपाईमामांचा मुलगा रविवारी दुपारी गाडी घेऊन येईल. फळा रंगवून घेतलाय.

तुमची,
खेड्यावरची मास्तरीण