‘एका रात्रीत’च्या आधीची नऊ वर्षे

महोदय,

रविवारच्या पुरवणीत ऑपेरागायक प्लासिदो दोमिंगो यांच्यावर आलेला लेख वाचला. २८ सप्टेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात नामवंत गायक फ्रँको कोरेली यांनी ऐनवेळी नकार कळवला, एका अनोळखी तरुणाला रंगमंचावर उभे केले आणि एका रात्रीत त्याचे नशीब फळफळले, असा लेखाचा एकूण सूर. प्रसंग खरा आहे. ‘अनोळखी’ आणि ‘नशीब’ हे दोन शब्द तेवढे खटकले.

एरवी मी पत्र लिहिले नसते. पण मी ठाण्यात गाण्याचे आणि पेटीचे वर्ग घेतो, आणि मंगळवारी एका विद्यार्थिनीचे वडील त्याच लेखाचे कात्रण घेऊन आले. मुलगी अकरा वर्षांची, गळा गोड. “सर, आपल्याला अशी संधी कुठे मिळेल?” म्हणाले. त्यांना चहा दिला आणि जे सांगितले तेच थोडक्यात इथे लिहितो.

पहिली गोष्ट, चारच दिवसांनी, म्हणजे २ ऑक्टोबरला, त्याच ‘आद्रियाना लेकुव्रर’ या ऑपेरात दोमिंगो त्या रंगमंचावर पहिल्यांदा उभे राहणार होतेच. ते आधीच ठरलेले होते. शिवाय समोरच्याच इमारतीत न्यूयॉर्क सिटी ऑपेराचे ते आघाडीचे टेनर, म्हणजे उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक, होते. २२ फेब्रुवारी १९६६ रोजी त्या संस्थेने लिंकन सेंटरच्या नव्या नाट्यगृहात पाऊल टाकले ते ‘डॉन रॉड्रिगो’ या ऑपेराने, आणि त्यातला रॉड्रिगो हेच होते. त्याच उन्हाळ्यात मेट्रोपॉलिटनच्या खुल्या मैदानातल्या कार्यक्रमातही ते गायले होते. अनोळखी कसले?

त्याही मागे जायला हवे. आईवडील दोघेही सारसुएलाचे गायक. सारसुएला म्हणजे स्पेनचा, मधे गद्य संवाद आणि मधे गाणी असलेला नाट्यप्रकार. आपल्या संगीत नाटकाचा लांबचा चुलतभाऊ म्हणा. मंडळी दौऱ्यावर मेक्सिकोला गेली, तिथेच रमली आणि स्वतःची कंपनी काढली. माद्रिदला १९४१ साली जन्मलेला हा मुलगा आठव्या वर्षी त्यांच्यामागे मेक्सिको सिटीत आला. घरची कंपनी म्हटल्यावर पोराला काय काय करावे लागते, हे ज्यांच्या घरात कोणी नाटक कंपनीत होते त्यांना सांगायला नको. हा मुलगा पियानो वाजवी, लागेल तिथे गाई, अधूनमधून वाद्यवृंदही सांभाळी. बाहेर बॅलेच्या तालमींना पियानोची साथ केली, रॉक अँड रोलच्या बँडमागे कोरस गायला. ‘माय फेअर लेडी’च्या मेक्सिकोतल्या १८५ प्रयोगांत त्याची भूमिका किरकोळ होती, पण वाद्यवृंदाचा साहाय्यक संचालक आणि तालीम मास्तरही तोच.

१९५९ साली मेक्सिकोच्या राष्ट्रीय ऑपेराच्या चाचणीला तो बॅरिटोन, म्हणजे टेनरपेक्षा खालच्या पट्टीचा गायक, म्हणून गेला. परीक्षक म्हणाले, तू टेनर आहेस, त्या पट्टीतले काही म्हण. समोर ठेवलेले स्वरलेखन बघून गायला आणि वरचा सूर फुटला. तरी घेतले! भूमिका मात्र दुय्यम मिळाल्या. त्याच वर्षी ‘रिगोलेत्तो’तला बोर्सा, आणि बरोबरीने इतर गायकांची तालीम घेण्याचे काम. नायक व्हायला १९६१ उजाडले, तेही मॉन्टेरे शहरात, ‘ला त्राव्हियाता’तला आल्फ्रेदो म्हणून.

आणि मग तेल अवीव. लेखात याला एक ओळही नाही, आणि माझ्या मते सगळे इथेच आहे. १९६२च्या अखेरीस पत्नी मार्ता ओर्नेलास (त्याही ऑपेरागायिका, सोप्रानो म्हणजे स्त्रियांच्या उंच पट्टीच्या) आणि बॅरिटोन मित्र फ्रँको इग्लेसियास यांच्याबरोबर ते तिथल्या ऑपेरा कंपनीत नोकरीला लागले. समुद्राकाठची इमारत, इस्रायलची संसद सुरुवातीला काही काळ तिथे भरत असे. अडीच वर्षांत १२ भूमिका आणि २८० प्रयोग. म्हणजे महिन्याला नऊच्या वर. कलाकार देशोदेशींचे, त्यामुळे एकदा ‘ला त्राव्हियाता’त बॅरिटोन हंगेरियनमध्ये, सोप्रानो जर्मनमध्ये, हे स्वतः इटालियनमध्ये आणि मागचा कोरस हिब्रूत गात होता. वरचे सूर इथेही आधी दगा देतच होते. मार्ता आणि इग्लेसियास यांनी त्यांचा श्वास मुळापासून दुरुस्त केला. पोटातून आधार कसा घ्यायचा हे शिकायचे, आणि शिकलेले दोनतीन दिवसांत प्रेक्षकांपुढे तपासायचे. अशी सोय आज आमच्या कोणत्या मुलाला आहे? स्पर्धेत वर्षाला चार गाणी होतात, आणि त्यांची तयारी सहा महिने.

१९६८ साली मोटारीतून गळा तापवत मेट्रोपॉलिटनकडे निघालेला माणूस हा असा होता. वय २७.

लेखकांनी त्यांना फक्त ‘गायक’ म्हटले आहे. ‘कंडक्टर’ म्हटले की आपल्याकडे तिकीट फाडणारा डोळ्यांसमोर येतो, म्हणून कदाचित वगळले असेल. पण इगोर मार्केविच यांच्या वाद्यवृंद संचालनाच्या वर्गांना ते मेक्सिकोतच बसत होते, आणि ७ ऑक्टोबर १९७३ रोजी सिटी ऑपेरात त्यांनी हाती बॅटन, म्हणजे संचालकाची छडी, घेतली तीही ‘ला त्राव्हियाता’साठीच. आमच्या पिढीला ते ठाऊक झाले १९९०च्या रोममधल्या तीन टेनरांच्या मैफलीच्या कॅसेटमुळे; तिथे बॅटन आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांच्या हाती होती.

हे पत्र त्यांच्या गौरवासाठी नाही. २०१९ साली अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर गैरवर्तनाचे आरोप केले आणि त्यानंतर मेट्रोपॉलिटनशी असलेला त्यांचा संबंध संपला, हेही लेखात यायला हवे होते. मला बोलायचे आहे ते फक्त पहिल्या नऊ वर्षांबद्दल.

विद्यार्थिनीचे वडील सगळे ऐकून म्हणाले, “म्हणजे आधी पियानो होता तर.” पुढच्या सोमवारपासून गाण्याच्या तासानंतर अर्धा तास मुलीला पेटीवर बसवायचे ठरले आहे. स्पर्धेचा फॉर्म मात्र त्यांनी परत नेलेला नाही, माझ्या टेबलावरच ठेवून गेले आहेत.

आपला,
एक संगीतशिक्षक, ठाणे